डावीकडचा आकडा

पोटरीत गोळा आला म्हणून तिने पेडलवरचे पाय काढले, एवढंच झालं. दुसऱ्या फेरीत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत वळताना उजव्या पोटरीत असा काही पेटका आला की दात-ओठ खात तिने दोन्ही पाय उचलून मधल्या दांड्यावर ठेवले आणि वाकून पोटरी चोळायला लागली. आता सायकल थांबणार, मागून ताई ओरडणार, "काकू, काय झालं?", हे ती धरूनच चालली होती. तेरा आठवडे हे धूड तीच ओढत होती. निदान गेले तीन आठवडे सगळे तसंच म्हणत होते. तीन चाकं, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोघांना आपापली पेडलं, हँडल तिच्या हातात, आणि मध्ये तळहाताएवढी स्क्रीन. तिच्यावर दोन आकडे. डावा नवऱ्याचा, उजवा तिचा. सायकल चालत असेपर्यंत दोन्ही मिळून कायम शंभर. सायकल पुढे जाते ती कुणाच्या किती जोरावर, हे ते आकडे सांगायचे. आता तिचे पाय हवेत होते आणि सायकल थांबली नाही. मंदसुद्धा झाली नाही. टाकीची सावली सरली, ऊन आलं, गवताच्या कडेचा बाक मागे गेला. तिने मान वर केली. डावीकडे शून्य होतं. उजवीकडे शंभर.

यंत्र बिघडलं, असं तिला आधी वाटलं. मग तिची नजर खाली गेली. नवऱ्याचा उजवा गुडघा, तिच्या डाव्या गुडघ्याला लागून असलेला, तेरा आठवडे पट्ट्यांनी बांधलेला लुळा गुडघा, खाली-वर होत होता. नुसता फिरत नव्हता, दाबत होता. पँटची इस्त्री प्रत्येक दाबाला ताणली जायची आणि सैल व्हायची. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. हनुवटीवरून घाम गळत होता. तिने हळूच पाय पेडलवर ठेवले आणि उगीच, वारा घातल्यासारखे, फिरवले. डावीकडे बावीस आलं. पुन्हा काढले. शून्य. पुन्हा ठेवले. बावीस. पडदे शिवून शिवून तिला एक कळत होतं, की कापड उलटं लागलं असेल तर ते पहिल्या टाक्याला नाही, पाचव्या-सहाव्या टाक्याला कळतं. पाचव्या वेळी तिला कळलं. आकडे उलटे झाले होते. डावीकडचा आकडा तिचा होता. सगळा जोर नवऱ्याचा होता. तो बरा होत होता.

"काकू, थांबू नका हं," गवताच्या पलीकडून ताई ओरडली. "काका, थोडा तरी जोर लावा! सगळं काकूंवर टाकू नका!"

"बरोबर," नवरा म्हणाला. आजारानंतर त्याच्याकडे हा एकच शब्द उरला होता.

सगळ्या शब्दांतून हाच का उरला, याचं तिला हसू यायचं; दवाखान्यात पहिल्यांदा ऐकला तेव्हा तर ती तोंडावर पदर दाबून बाहेर पळाली होती आणि नर्सला वाटलं बाई रडते आहे. तो वजनमापे निरीक्षक होता. चौतीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडला. मखमलीच्या पेटीतली पितळी वजनं चिमट्याने उचलायची, दुकानदाराच्या वजनाशी ताडून बघायची, श्वास रोखून काट्याकडे बघायचं आणि मग म्हणायचं, "बरोबर." तेवढं म्हटलं की दुकानदाराचा जीव भांड्यात पडायचा. म्हटलं नाही, तर लाख वितळवायची, सील ठोकायचं. घरीही तीच तऱ्हा. तिने शिवलेल्या पडद्याची किनार तो पोलादी पट्टीने मोजायचा. गिऱ्हाईक नेणार होतं, त्याचा काही संबंध नव्हता, तरी मोजायचा. "दोन सूत कमी," म्हणायचा, आणि ती उसवायला बसायची. पातेल्यातलं दूध, चहातली साखर, ती बाजारातून परत यायला लागलेली मिनिटं. मारलं कधी नाही. उलट मारलं नाही हे तो अधूनमधून सांगायचाही. एका सकाळी दाढी करताना तो आरशासमोर बसल्यासारखा खाली बसला, आणि उठला तेव्हा उजवं अंग आणि सगळी भाषा गेलेली होती.

या केंद्रात जागा मिळायला आठ महिने गेले. इथे असल्या माणसांना सायकलीवर बसवून बरं करायचे. कुणाला हाताने चालवायची, कुणाला आडवं पडून चालवायची, कुणाला जोडीदाराबरोबरची ही जोडसायकल. ताई, म्हणजे इथली व्यायाम घेणारी, ही तिशीसुद्धा न ओलांडलेली पोरगी, पण केंद्रातले सत्तरीचे म्हातारेही तिला ताईच म्हणायचे. तिने पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं. सोळा आठवडे. शेवटी परीक्षा, दहा मिनिटांची. डावीकडचा सरासरी आकडा साठ किंवा वर आला, तर काकांना स्वतःची तीनचाकी, आणखी सहा महिने उपचार, बोलायला शिकवणारे सर वेगळे. साठच्या खाली राहिला, तर रांगेत दीडशे माणसं आहेत, जागा सोडावी लागेल. मग काकांना घरी न्यायचं किंवा वरच्या मजल्यावर ठेवायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, उचलायला कुणी नाही. तेव्हा वरचा मजला. ती एकदा वर जाऊन बघून आली होती. लांबलचक खोली, बावीस खाटा, खिडक्या डोक्याच्या वर. कुणी ओरडत नव्हतं, ते बरं होतं. तिथे माणसं कितीही वर्षं राहायची.

आणि पलंगावर तपासायचं म्हटलं, तर नवरा साफ नापास. "काका, पाय उचला," म्हटलं की पाय ढिम्म. सांगितलेलं डोक्यात जायचं, पायापर्यंत पोचायचं नाही. ताई म्हणायची, अशांचं असंच असतं, हुकूम दिला की अवयव रुसतात, पण चाक फिरायला लागलं की आपोआप साथ देतात. म्हणून सायकलीचा आकडाच खरा. सुरुवातीला तो चार होता. मग नऊ. पंधरा. दहाव्या आठवड्यात अठ्ठेचाळीस झाला, तेव्हा ताईने त्याचा फोटो काढून फळ्यावर लावला, आणि फोटोत तो अर्ध्या तोंडाने हसत होता. त्यानंतर सायकल दोन दिवस मेस्त्रीकडे दुरुस्तीला गेली. परत आली, आणि दुसऱ्या दिवशी आकडा सत्तेचाळीस. मग बेचाळीस. पस्तीस. जितका घाम जास्त, तितका आकडा खाली. ताई म्हणाली, काही पेशंट मधेच मन सोडतात. फोटो उतरवला नाही, पण त्याच्यावर दुसऱ्याचा टाचला.

हे आता, सायकल उन्हात पुढे चाललेली असताना, तिला एका दमात उलगडलं. आणि दुसरंही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी नवऱ्याने डावा हात उचलून स्क्रीनवर ठेवला होता. बोट डाव्या आकड्यावर, मग उजव्या, पुन्हा डाव्या, पुन्हा उजव्या. "बरोबर, बरोबर," ओरडत होता. ताईने प्रेमाने त्याचं बोट धरलं होतं. "हो काका, दोन आकडे. हा तुमचा, हा काकूंचा." तीन आठवडे तो रोज हेच करत होता. तिला खरंच कळलं नव्हतं. म्हातारा चिडलाय, एवढंच वाटलं होतं. चौतीस वर्षं खोटे काटे पकडणारा माणूस खोट्या काट्यासमोर बसून तो खोटा आहे असं रोज सांगत होता, आणि सांगायला त्याच्याकडे फक्त "बरोबर" होतं.  आपल्याला हसू येतंय हे कळल्यावर ती घाबरली.

उतरल्यावर सांगायचं, हे ठरलेलंच होतं. त्यात ठरवण्यासारखं होतंच काय? ताई समोर उभी होती, रुमालाने काकांचं तोंड पुसत होती, एवढंच म्हणायचं होतं, ताई, जरा वायरी बघून घ्या. ती म्हणाली, "ताई, पोटरीत गोळा आला होता." ताईने तिला मीठ-पाणी प्यायला सांगितलं. उद्या सांगू, असं मनात म्हणत तिने नवऱ्याची चाकाची खुर्ची खोलीकडे ढकलली. खुर्ची ढकलताना त्याचं टक्कल समोर असायचं. त्याच्या मागून चालण्याची तिला सवय होती. फक्त आता दिशा तिच्या हातात होती.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी ती मजेत होती. हे तिला स्वतःशी कबूल करायला लाज वाटली, पण खोटं कशाला? ती पाय नुसते फिरवत बसली होती आणि सायकल चालली होती. वारा लागत होता. गवत, बाक, टाकी, भिंतीवरची वेल, पुन्हा गवत. एकतीस वर्षांच्या संसारात नवरा तिला पहिल्यांदा फिरवायला नेत होता. तिने मागे टेकून बघितलं. खुर्चीची पाठ चांगली होती, आजवर कधी टेकायला फुरसतच झाली नव्हती. शेजारी तो घामाघूम होऊन रेटत होता, नाकातून शिटीसारखा आवाज येत होता, आणि ताई ओरडत होती, "वा काकू! धन्य आहे तुमची!" तिने मान लववली. आयुष्यात एवढं कौतुक तिचं कुणी केलं नव्हतं, त्यातलं एकही अक्षर तिचं नव्हतं आणि तरीही ते गोड लागत होतं.

तिच्या बाजूची साखळी मात्र बोलायची. ओझं नसलेली साखळी हलकी वाजते, किणकिण करते, हे तिला शिवणयंत्रामुळे ठाऊक होतं. पट्टा सैल झाला की यंत्रही असंच बडबडायला लागतं. ती किणकिण नवऱ्याने ऐकली. आवाजावरून तराजू ओळखणारे कान, ते कुठे गेले नव्हते. त्याने मान वळवून तिच्या पायांकडे बघितलं. मग स्क्रीनकडे. मग तिच्याकडे. नजर काढली नाही. पाय दाबत होते, हनुवटीवरून थेंब पडत होते, आणि तो बघत राहिला. पूर्वी दुकानदाराकडे असा बघायचा, लाख वितळेपर्यंत.

"बरोबर," तो अगदी हळू म्हणाला.

"समोर बघा," ती म्हणाली. "वळण आहे."

त्या दिवशी उतरवताना त्याने ताईचा हात घट्ट पकडला. मग तो सोडून त्याच डाव्या हाताने बायकोच्या पायांकडे दाखवलं, मग आपल्या पायांकडे, मग स्क्रीनवर तीच बोटाची इकडून तिकडे फेरी. तोंडाला फेस आला. बरोबर, बरोबर, बरोबर. ताई गोंधळून तिच्याकडे वळली. "काय म्हणतायत हो काका? तुम्हाला कळतं ना त्यांचं."

कळत होतं. इतकं स्वच्छ तो तोंडाने बोलत होता तेव्हाही कधी कळलं नव्हतं. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात हुकूम नव्हता. हा नवा चेहरा होता, तिला अनोळखी.

"दमलो म्हणतायत," ती म्हणाली. "रोज रोज नको म्हणतायत."

ताईचे डोळे भरून आले. "असं नाही करायचं काका," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून आकडे बघून काकांचं मन खचू नये म्हणून तिने स्क्रीनवर एक छोटा टॉवेल टाकायला सुरुवात केली.

तिला वाटत राहिलं की आपण हे वडलांसाठी करतो आहोत. तसं वाटलं की झोप बरी लागायची. पण ते तितकं खरं नव्हतं हेही ती जाणून होती, कारण पेडलवर बसल्यावर वडील आठवायचेच असं नव्हतं. ते आठवायचे भलत्या वेळी, शिवणाची सुई ओवताना किंवा औषधाच्या दुकानात रांगेत. वडलांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं, खिळे, बिजागऱ्या, कड्या. खिळे वजनावर जायचे. मूठभर खिळे उचलून ते न तोलता वजन सांगायचे आणि गिऱ्हाईक पैज हरायचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नवऱ्याची बदली तिच्या माहेरच्या भागात झाली, आणि नव्या साहेबाने आपण कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही हे दाखवायला पहिली तपासणी सासऱ्याच्या दुकानात केली. अर्ध्या किलोचं वजन चार ग्रॅम हलकं निघालं. वडील हात जोडून उभे होते. ती मागच्या खोलीतून, दाराच्या फटीतून बघत होती. "जावईबापू," वडील म्हणाले, "एकदा दुसऱ्या वजनाशी ताडून बघा. हे वजन माझ्या बापापासूनचं आहे. तुमच्या पाया पडतो." नवऱ्याने चिमटा पुसून पेटीत ठेवला. "काटा खोटं बोलत नाही," म्हणाला. दारावर नोटीस लागली, दोन महिने. 'वजनात खोट आढळल्याने बंद.' दोन महिन्यांनी सील निघालं, पण वडलांनी दुकान उघडलं नाही. ते अंगणात बसून खिळे मुठीत घ्यायचे, वजन सांगायचे, आणि मग म्हणायचे, कुणास ठाऊक. वर्षाच्या आत गेले.

हे सुद्धा तिने गिळलं होतं. काट्याने दाखवलं असेल तर असेल. वजनं झिजतात, बापाला दिसलं नसेल. जवळजवळ अकरा वर्षं ती असंच समजून होती. मग एका दुपारी जेवून उठल्यावर पेटीतली वजनं पुसता पुसता तो आपल्याच नादात सांगायला लागला. प्रत्येक वजनाच्या तळाला एक खोलगट भोक असतं. त्या वर्षी त्याच्या अर्ध्या किलोच्या वजनाच्या भोकात सीलची लाख ठिबकून घट्ट बसली होती, चार ग्रॅम, वरून दिसत नव्हती. "त्याच आठवड्यात कळलं मला. छोट्या चाकूने खरवडून काढली."

"मग?" तिने विचारलं होतं. तिच्या हातात ओलं ताट होतं.

"मग काय? मारलेलं सील उघडायचं? खात्याची लाज काढायची? गप्प बसलो." त्याने वजन उजेडात धरून फिरवलं. "बरोबर," म्हणाला, आणि मखमलीत ठेवलं.

तिने ताट पुसलं, फडताळात उभं केलं, आणि संध्याकाळी त्याला आवडते तशी, दोन चमचे साखरेची, चहाची पेली नेऊन दिली. त्याहून वेगळं काय करायचं असतं, हे तिला तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर अठरा वर्षं सुचलं नाही.

परीक्षेच्या चार दिवस आधी मेस्त्री भेटला. सायकली दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः एका पायाने अधू होता, बोलताना हातातल्या पान्याशी खेळायचा. ती बाकावर बसली होती, शेजारी खुर्चीत नवरा. "काकू, गाडी नीट चालतेय ना?" त्याने विचारलं. "त्या वेळी घाईत जोडली होती मी. दोन्ही सेन्सरच्या वायरी काळ्याच असतात, मेली ओळखू येत नाहीत. परीक्षा आहे म्हणून म्हटलं विचारावं. एकदा खोलून बघू का? दहा मिनिटांचं काम."

खुर्चीत नवरा ताठ झाला. त्याचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावरून उठला आणि तसाच हवेत राहिला. "बरोबर!" तो ओरडला. "बरोबर! बरोबर!"

मेस्त्रीने त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. झाडावरून काहीतरी, एखादं फळ असेल, टाकीच्या पत्र्यावर पडलं. दहा मिनिटांचं काम. तिने ओठ ओले केले.

"एकदम बरोबर चालतेय म्हणतायत," ती म्हणाली.

"हां, मग झालं," मेस्त्री हसला आणि पान्याने पाठ खाजवत निघून गेला. नवऱ्याचा हात हळूहळू खाली आला. तिला वाटलं तो आता रडेल. तो रडला नाही. समोरच्या सायकलीकडे, टॉवेलखालच्या स्क्रीनकडे, डोळे बारीक करून बघत राहिला, जसा पूर्वी रात्री हिशेब जुळत नसला की भिंतीकडे बघायचा.

परीक्षेच्या सकाळी तिने त्याला धुतलेली पँट घातली, केस विंचरले. पट्ट्या ताईने स्वतः बांधल्या, टॉवेल काढला, हातात फॉर्म घेतला. "दहा मिनिटं, काका. शेवटचं. मनावर घ्या." सायकल सुटली. पहिल्या मिनिटाला नेहमीसारखंच, डावीकडे वीस, बावीस, ती पाय फिरवते आहे आणि तो रेटतो आहे. टाकीच्या वळणावर अचानक तिच्या मांड्यांवर ओझं आलं. कुणीतरी मागून धरून ओढावं तसं. तिने खाली बघितलं. नवऱ्याचे पाय पेडलवर होते, पण नुसते टेकलेले. त्याने जोर सोडला होता.

तिला क्षणात समजलं. चार दिवस तो हेच जमवत होता. बोलता येत नाही, काटा उलटा आहे, बायको फितूर आहे. मग उलट्या काट्यावर उलटं वजन टाकायचं. त्याने काही करायचं नाही, तिने ओढायचं, आणि आकडा त्याचा. डावीकडे एकेचाळीस झालं. पंचावन्न. त्रेसष्ट. "काका!" ताई किंचाळली. "काका, शाब्बास! बघा, बघा, अठ्ठ्याहत्तर!" फाटकापाशी कुणीतरी टाळ्या वाजवल्या. चौतीस वर्षं ज्याने कुणाचा अर्धा ग्रॅम सोडला नाही, तो लबाडी करत होता. त्याचे कान लाल झाले होते. तो समोर बघत होता, आणि तिला दिसलं की त्याला लाज वाटते आहे.

ती ओढत राहिली. दुसरं मिनिट, तिसरं. मांड्या पेटल्या होत्या पण तिला ते काही नवं नव्हतं. शिवणयंत्राचं पेडल तीस वर्षं मारलेले पाय होते ते. तिने काही करायचंच नव्हतं. आजवर जे केलं तेच करत राहायचं, अजून सहा-सात मिनिटं, की तो बोलायला शिकेल. पहिलं वाक्य कोणतं बोलेल? तिला तिसऱ्या मजल्यावरची खोली दिसली, खिडकीपाशी यंत्र, टेबलावर पोलादी पट्टी, जी तिने अजून टाकून दिली नव्हती. आणि तिला वरच्या मजल्यावरच्या खिडक्या दिसल्या, डोक्याच्या वरच्या, ज्यांतून नुसतं आभाळ दिसत असेल. तेव्हा नवऱ्याने डावा हात उचलला आणि हँडलवरच्या तिच्या हातावर ठेवला. ओला, गरम, जड हात. त्याने तिचा हात दाबला, एकदा, मग पुन्हा. एकतीस वर्षांत असा हात त्याने तिच्या हातावर ठेवला नव्हता. त्याच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हता, तो एकच शब्दसुद्धा नव्हता. तो विनवत होता. वडील हात जोडून उभे होते तसा नाही. वडील उभे तरी होते.

तिला त्याची दया आली. खरंच आली, पोटातून, डोळ्यांत पाणी येण्याइतकी. आणि तिने पायांतला जोर काढून घेतला.

सायकल दोन हात गेली आणि वाटेतच उभी राहिली. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य. गवतावर एक कावळा काही टोचत होता. दोघं शेजारी शेजारी बसली होती, एकमेकांकडे न बघता, हातावर हात, चार पाय पेडलांवर आणि कुणाचंच ओझं कशावर नाही. तिने आपला हात त्याच्या हाताखालून काढून घेतला.

"काका, दमलात? अहो, आता तर इतकं छान चाललं होतं!" ताई धावत येत होती. "अजून साडेपाच मिनिटं आहेत. थांबलात तर परीक्षा बाद होईल. प्रयत्न तरी करा, काका!"

 मग त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागून वर आला आणि खाली गेला. सायकल हलली. तिने पाय फिरवायला सुरुवात केली, हलके, किणकिण. साडेपाच मिनिटं नवऱ्याने तिला एकट्याने ओढलं, चार फेऱ्या, टाकीच्या चढावरून सुद्धा, इतक्या वेगाने की तिच्या कानाशी वारा वाजला. असा तो पूर्वी कधी चालवू शकला नव्हता. कुणी बघेल, कुणाच्या तरी लक्षात येईल, अशा आशेने तो रेटत होता. डावीकडे अकरा होतं, नऊ, चार. ताई टाळ्या वाजवायची थांबली होती.

"सरासरी पस्तीस," फाटकापाशी ताईने वाचलं.  तिने फॉर्म त्याच्यासमोर धरला, शाईचा पॅड पुढे केला. "माफ करा काका. मी तरी काय करू, यंत्र खोटं कशाला बोलेल? उद्या वर जागा रिकामी होते आहे. इथे अंगठा हवा. तुम्हाला मान्य आहे ना? रुग्णाला विचारायचं असतं."

नवऱ्याने फॉर्मकडे बघितलं. ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले, जबडा एका बाजूला ओढला गेला, मानेच्या शिरा उभ्या राहिल्या. दुसरा कुठलाही शब्द चालला असता. तो शोधत होता हे तिला दिसत होतं.

"बरोबर," तो म्हणाला. आणि मग रडायला लागला, "बरोबर, बरोबर," म्हणत. ताईने त्याचा अंगठा शाईत टेकवून कागदावर उमटवला आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"काकू, पट्ट्या सोडता का? मी खुर्ची आणते."

ती त्याच्या पायाशी खाली बसली. एक पट्टी सोडली, दुसरी सोडली. पेडलवरून पाय उतरवताना पँट वर सरकली आणि पोटरी तिच्या हातात आली. चार महिन्यांपूर्वी ती ओल्या फडक्यासारखी लोंबायची. आता ती गरम होती, टणक होती, कातडीखाली स्नायू अजून उडत होता. नुसता हात लावला असता तर कुणालाही कळलं असतं. खुर्चीची चाकं वाजवत ताई जवळ येत होती. तिने पँटचा पाय खाली ओढला, घोट्यापर्यंत नीट आणला, आणि किनारीची चुणी बोटांनी सरळ केली.